जमीन सरकते, सूर थांबतो

पोलिश संगीतकार फ्रेदेरिक शोपँची पियानोसाठीची एक जेमतेम दोन-अडीच मिनिटांची रचना आहे: ई मायनरमधला प्रील्यूड (म्हणजे छोटी, सुटी रचना), ओपस २८ (हा छापील रचनांच्या यादीतला आकडा), क्रमांक ४. मोबाइलवर शोधलीत तर लगेच सापडेल. हा लेख वाचण्याआधी ती एकदा ऐकलीत, तर पुढचं निम्मं सांगावंच लागणार नाही.

मी पेटी-तबल्याच्या घरात वाढलो. पहिल्यांदा हा प्रील्यूड ऐकला तेव्हा यात काही घडतच नाही, असं वाटलं होतं. उजवा हात एक सूर धरतो, शेजारच्या सुराला जरासा स्पर्श करतो आणि परत येतो. पुन्हा तेच, पुन्हा तेच. आपल्या भाषेत सांगायचं तर पंचम, कोमल धैवत, पंचम. एवढ्यावर माणूस कितीसा रमेल? आणि तरीही ऐकताना पोटात खड्डा पडतो. का पडतो, ते मला बरीच वर्षं कळलं नव्हतं, कारण मी ऐकत होतो उजवा हात, आणि सगळा खेळ चालला होता डाव्या हाताचा.

आपल्या बैठकीत तंबोरा एकदा जुळला की मैफल संपेपर्यंत षड्ज हलत नाही. ती आपली जमीन. गायक तिच्यावर उभा राहून कुठेही जाऊन येतो आणि प्रत्येक सुराचा अर्थ त्या षड्जापासूनच्या अंतरावरून ठरतो. आता कल्पना करा, गायकाने पंचम धरून ठेवलाय आणि मागे बसलेला कुणीतरी गुपचूप तंबोऱ्याच्या खुंट्या पिळतोय. एका वेळी एकच तार, तीही फक्त अर्ध्या सुराने. गायकाचा सूर तोच आहे, पण तो आता पंचम राहिलेला नाही. क्षणभर तो मध्यमासारखा लागतो, मग भलत्याच कुठल्या सुरासारखा. गायक हललाच नाही, त्याच्या पायाखालची जमीन मात्र खचत गेली.

त्या प्रील्यूडमध्ये नेमकं हेच चालतं. डाव्या हातात तीन सुरांचा एक गुच्छ आहे. हलक्या हाताने तो एकसारखा वाजत राहतो आणि दर थोड्या वेळाने त्यातला एखादा सूर अर्ध्या पायरीने खाली घसरतो. एकदम वाजणाऱ्या सुरांच्या या गुच्छाला कॉर्ड म्हणतात आणि एका कॉर्डमधून दुसऱ्या कॉर्डमध्ये जाण्याच्या शास्त्राला हार्मनी. युरोपीय संगीताचा निम्म्याहून अधिक भार या शास्त्रावर आहे. आपल्या कानाला त्याची सवय झाली ती बरीचशी हिंदी चित्रपटगीतांमुळे. त्या गाण्यांच्या वाद्यवृंदाची बांधणी करणारे सेबॅस्टियन डिसोझा किंवा अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे लोक मूळचे गोव्याचे होते. तिथल्या चर्चच्या शाळांतून सुरांची युरोपीय लिपी शिकवली जाई. म्हणजे शोपँची ही भाषा आपल्याला अगदीच परकी नाही. लहानपणापासून ती रेडिओवर कानावर पडत होती, फक्त नाव ठाऊक नव्हतं.

आता माणसाकडे येऊ.

शोपँचा जन्म १८१० चा, वॉर्साजवळच्या झेलाझोवा वोला या खेड्यातला. वडील निकोला फ्रान्समधून तरुणपणी आलेले आणि पक्के पोलिश होऊन गेलेले शिक्षक. आई युस्तिना पोलिश. एक थोरली बहीण, दोन धाकट्या. पण तो ज्या देशात जन्मला म्हणायचं, तो देश तेव्हा नकाशावर धडपणे नव्हताच. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी १७९५ मध्ये पोलंडचा शेवटचा तुकडाही वाटून घेतला होता. शोपँचं बालपण गेलं ते वॉर्सामध्ये, रशियाच्या झारच्या अमलाखाली. स्वतंत्र पोलंड पुन्हा उभा राहिला १९१८ मध्ये, म्हणजे शोपँ जाऊन सत्तरीच्या घरात वर्षं झाल्यावर. पोलिश लोक त्याच्याबद्दल बोलताना आजही हळवे का होतात, ते या तारखांवरून कळतं. मधल्या काळात देश म्हणून त्यांच्याकडे होती भाषा, चर्च आणि हा माणूस.

सातव्या वर्षी त्याची पहिली रचना छापून आली. पहिला शिक्षक जिव्नी हा मूळचा चेक, बाख आणि मोझार्टवर जीव असलेला. त्याने मुलाला पियानो शिकवण्यापेक्षा त्याच्या वाटेत न येण्याचं मोठं काम केलं. पुढे वॉर्साच्या संगीत विद्यालयात युझेफ एल्सनर भेटला. तोही त्याच जातीचा गुरू निघाला. शिक्षण संपताना, १८२९ मध्ये, त्याने शोपँच्या नावापुढे शेरा लिहिला: विशेष क्षमता, संगीतातली अलौकिक प्रतिभा. नियम मोडणाऱ्या पोराला नियमात बसवायचा मोह दोघांनीही आवरला. हे दिसतं तितकं सोपं नाही.

२ नोव्हेंबर १८३० ला विशीतला शोपँ वॉर्साहून व्हिएन्नाकडे निघाला. विचार होता थोडं नाव कमावण्याचा. चार आठवड्यांत, २९ नोव्हेंबरला, मागे वॉर्सामध्ये रशियाविरुद्ध उठाव झाला. बरोबरचा मित्र तीतुस लढायला परत फिरला, शोपँ व्हिएन्नातच राहिला. पुढच्या वर्षी पॅरिसच्या वाटेवर श्टुटगार्टमध्ये त्याला बातमी कळली, वॉर्सा पडलं. तिथल्या वहीत त्याने देवाला जाब विचारणारी, घरच्यांचं काय झालं असेल या काळजीने फुटलेली पानं लिहिली आहेत. १८३१ च्या शरदात तो पॅरिसला पोचला. पोलंडला तो परत कधीच गेला नाही.

पॅरिसमध्ये तेव्हा पियानोवादकांचा नुसता बाजार भरला होता. फ्रांझ लिस्ट हा हंगेरियन वादक तर पियानोवर वादळ उठवायचा. शोपँचा पिंड उलटा. मोठ्या सभागृहाची त्याला धास्ती वाटे, आवाज लहान, तब्येत नाजूक. आयुष्यभरात त्याने जाहीर कार्यक्रम केले ते जेमतेम तीसेक. मग पोट कशावर चाललं? शिकवण्यावर. श्रीमंत घरच्या मुली-बायका त्याच्याकडे शिकायला येत, एका तासाचे वीस फ्रँक मिळत आणि दिवसाला चार-पाच तास शिकवणी चाले. शिवाय रचना छापण्याचे पैसे. राजदरबाराची नोकरी नाही, चर्चची चाकरी नाही. त्याच्या आधीच्या पिढ्यांतल्या संगीतकारांना असं स्वतंत्र राहून नीटनेटकं जगणं फारसं साधलं नव्हतं.

या शिकवणीतूनच त्याचं डोकं कसं चालायचं ते कळतं. पियानो शिकवताना सगळे सी मेजरपासून, म्हणजे नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांपासून सुरुवात करतात. पेटी शिकवतानाही आपण पांढरी एक म्हणतोच. शोपँ म्हणायचा की हे सगळ्यांत अवघड, कारण सपाट पट्ट्यांवर हाताला टेकायला जागाच नाही. तो नव्या विद्यार्थ्याला बी मेजरपासून सुरू करायला लावी, कारण मधली तीन लांब बोटं उंच काळ्या पट्ट्यांवर आणि अंगठा-करंगळी खाली पांढऱ्यांवर ठेवली की पंजा आपोआप नैसर्गिक ठेवणीत बसतो. त्या काळचे शिक्षक पाचही बोटं सारख्या ताकदीची करायला धडपडत. शोपँचं म्हणणं होतं की बोटं वेगवेगळी आहेत तर त्यांचे आवाजही वेगवेगळे राहू द्या, त्या फरकाचाच उपयोग करा. मला त्याच्या सगळ्या क्रांतीत ही क्रांती मोठी वाटते.

त्याच्या एत्यूद नावाच्या रचना यातूनच आल्या. एत्यूद म्हणजे सरावाचा पाठ, आपल्याकडचे अलंकार-पलटे. पलटे कुणी मैफलीत गात नाही. शोपँने १८३३ मध्ये बारा एत्यूदांचा पहिला संच छापला आणि लिस्टला अर्पण केला. त्यातल्या प्रत्येकात हाताची एकेक अडचण घेतली आहे. दुसऱ्या एत्यूदात उजव्या हाताची शेवटची तीन, म्हणजे दुबळी बोटं अर्ध्या-अर्ध्या सुरांच्या पायऱ्यांवरून सुसाट धावतात आणि उरलेली दोन खाली मधूनमधून कॉर्ड वाजवतात. हात मोडून ठेवणारा रियाज आहे हा, पण ऐकणाऱ्याला तो रियाज वाटत नाही. पलट्याची बंदिश झाली.

पियानो हे गायकी अंगाला फार अडचणीचं वाद्य आहे, हेही इथे सांगायला हवं. पेटीवर मींड नाही म्हणून आपण तिला बोल लावतो, पण पेटीचा सूर भाता चालतोय तोवर टिकतो तरी. पियानोत एक हातोडी तारेवर पडते आणि सूर जन्मल्या क्षणापासून विरायला लागतो. ना मींड, ना श्वास. असं असताना शोपँ शिष्यांना काय सांगायचा, तर गाणं ऐका, ऑपेरातले चांगले गायक ऐका आणि बोटांनी गा. बेल्लिनी या इटालियन संगीतकाराच्या लांब, संथ चालींवर त्याचा जीव होता.

त्याने हा गाण्याचा भास साधला दोन गोष्टींनी. एक, पायाखालचं पेडल. ते दाबलं की सगळ्या तारांवरचे दाबपट्टे उचलले जातात आणि एक तार छेडली की तिच्याशी जुळणाऱ्या बाकीच्या तारा आपसूक घुमू लागतात. सतारीच्या किंवा सारंगीच्या तरफांसारखंच. शोपँचा डावा हात खालचा एक खोल सूर वाजवून वर लांबवर पसरलेल्या सुरांकडे जातो, आणि पेडलमुळे तो खालचा सूर मागे घुमत राहतो. हात दोनच, पण ऐकू येतं त्याहून जास्त.

दुसरी गोष्ट म्हणजे हरकती. ई फ्लॅट मेजरमधला नॉक्टर्न, ओपस ९, क्रमांक २, आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलेला आहे, जाहिरातीत नाहीतर लिफ्टमध्ये. नॉक्टर्न म्हणजे रात्रीचं संगीत. हा प्रकार जॉन फील्ड या आयरिश वादकाने रूढ केला, शोपँने त्याला खोली दिली. या नॉक्टर्नमध्ये एकच चाल परत परत येते आणि दर वेळी तिच्यात नवी हरकत, नवी मुरकी असते. चाल ओळखीची राहते, जागा नवी सापडते. नाट्यगीताचं एकच कडवं तीनदा घेऊन तिन्ही वेळा वाहवा मिळवणारे गायक ज्यांनी ऐकलेत त्यांना हे वेगळं समजवायला नको. शोपँ शिष्यांच्या प्रतींवर पेन्सिलीने वेगवेगळे पर्याय लिहून देई. याच नॉक्टर्नचे असे कितीतरी पर्याय आज मिळतात. छापलेली रचना म्हणजे शेवटचा शब्द, असं त्याला स्वतःला वाटत नव्हतं.

मग येतो रुबातो, ज्याच्यावर सगळ्यांत जास्त शाई सांडली गेली. शब्दाचा अर्थ चोरलेला वेळ. पुष्कळ वादक शोपँ वाजवताना दोन्ही हातांनी लय ताणतात, सैल सोडतात, उसासे टाकतात. त्याच्या शिष्यांच्या आठवणी मात्र निराळं सांगतात: डावा हात म्हणजे वाद्यवृंदाचा म्होरक्या, त्याने डगमगायचं नाही. उजव्याने हवं तसं रेंगाळावं, हवं तिथे घाई करावी. तबलजी ठेका धरून बसलाय आणि गायक मात्रांच्या आगेमागे शब्द टाकत, लयीशी लपंडाव खेळत शेवटी समेवर येतोय, तसं. मैफलीला जाणाऱ्या माणसाला रुबातो आधीच कळलेला असतो. उसासे टाकणाऱ्या वादकांबद्दल माझं मत फारसं बरं नाही.

मझुर्का वाजवताना मात्र शोपँ स्वतः ही शिस्त सैल सोडायचा. मझुर्का हे पोलंडच्या माझोव्हिया भागातलं तीन मात्रांचं लोकनृत्य. जोर पहिल्या मात्रेवर न पडता कधी दुसरीवर, कधी तिसरीवर पडतो. चार्ल्स हॅले नावाच्या तरुण वादकाने एकदा शोपँला म्हटलं, तुमची मझुर्का तीन मात्रांची नाही, चारची वाटते. शोपँने ठाम नकार दिला. शेवटी त्याला वाजवायला लावून हॅलेने शेजारी मोठ्याने चार मात्रा मोजल्या आणि त्या चपखल बसल्या. तेव्हा शोपँ हसला आणि म्हणाला, या नाचाचा स्वभावच तसा आहे.

जॉर्ज सांदशिवाय त्याची गोष्ट कुणी सांगत नाही. पुरुषी टोपणनावाने लिहिणारी, पँट घालणारी, सिगार ओढणारी ही कादंबरीकार शोपँच्या आयुष्यात १८३८ ते १८४७ अशी नऊ वर्षं होती. १८३८ च्या हिवाळ्यात ती आपली दोन मुलं आणि खोकणाऱ्या शोपँला घेऊन मायोर्का बेटावर गेली. ऊन मिळेल अशी आशा होती, मिळाला तो पाऊस. क्षयाच्या भीतीने घरमालकाने बाहेर काढलं. मग वाल्देमोसाच्या ओस पडलेल्या मठात त्यांनी मुक्काम टाकला. पॅरिसहून मागवलेला प्लेयेल कंपनीचा छोटा पियानो जकातीत अडकून पडला, तो हाती आला जानेवारीत. तीन डॉक्टर तपासून गेले. त्याबद्दल त्याने मित्राला लिहिलं, एक म्हणाला मी मेलोय, दुसरा म्हणाला मरतोय, तिसरा म्हणाला मरणार आहे. सुरुवातीला सांगितलेला प्रील्यूड ज्या संचातला आहे, तो चोवीस प्रील्यूडांचा संच याच मुक्कामात पुरा झाला.

पुढचे बहुतेक उन्हाळे सांदच्या नोआँ गावच्या घरी गेले. शेवट कडवट झाला, मुलीच्या लग्नावरून भांडण पेटलं आणि दोघं कायमची तुटली. पोलिश चरित्रकारांनी सांदला भरपूर दूषणं दिली आहेत. मला ते पटत नाही. चौथा बॅलड, ए फ्लॅट मेजरमधला तो प्रसिद्ध पोलोनेझ, बी मायनरमधला सोनाटा, त्याचं सगळ्यांत पक्व काम त्या उन्हाळ्यांतलं आहे. ती दुरावल्यावर त्याच्या हातून जवळजवळ काही लिहून झालं नाही.

१८४८ मध्ये पॅरिसमध्ये क्रांती झाली, शिष्य पांगले, उत्पन्न आटलं. एका स्कॉटिश शिष्येच्या आग्रहाने तो इंग्लंड-स्कॉटलंडला गेला. चालवत नव्हतं, जिन्यावरून उचलून न्यावं लागे. १६ नोव्हेंबर १८४८ ला लंडनच्या गिल्डहॉलमध्ये पोलिश निर्वासितांच्या मदतीसाठी तो वाजवायला बसला, तो त्याचा शेवटचा जाहीर कार्यक्रम. १७ ऑक्टोबर १८४९ ला पॅरिसमध्ये तो गेला, वय ३९. अंत्यविधीला मोझार्टचं रेक्विएम, म्हणजे मृतांसाठीचं प्रार्थनासंगीत, गायलं गेलं आणि ऑर्गनवर ई मायनरमधला तोच प्रील्यूड वाजला.

शरीर पॅरिसमध्ये पुरलं, पण त्याच्या इच्छेप्रमाणे हृदय काढून ठेवलं होतं. थोरली बहीण लुद्विका ते दारूने भरलेल्या काचेच्या बरणीत घालून, रशियन पहाऱ्यातून लपवून वॉर्साला घेऊन गेली. ते आज तिथल्या होली क्रॉस चर्चच्या एका खांबात आहे. २०१४ मध्ये तज्ज्ञांनी बरणी न उघडता ते पाहिलं. क्षयाने हृदयाच्या आवरणाला सूज येऊन मृत्यू झाला असावा, असा त्यांचा निष्कर्ष निघाला.

जर्मन संगीतकार आणि समीक्षक शूमानने १८३६ मध्ये लिहिलं होतं की शोपँच्या रचना म्हणजे फुलांत पुरलेल्या तोफा आहेत, आणि या साध्या मझुर्कांत केवढा शत्रू दडलाय हे झारला कळलं तर तो हे संगीतच बंद करील. ही समीक्षकाची अलंकारिक भाषा वाटते. पण १८६३ च्या उठावात रशियन सैनिकांनी वॉर्सातल्या झामोयस्की वाड्याच्या खिडकीतून शोपँचा जुना पियानो खाली रस्त्यावर फेकला. तो त्याच्या धाकट्या बहिणीच्या घरी होता. १९४० मध्ये नाझींनी वॉर्साच्या वाझेन्की बागेतला त्याचा पुतळा सुरुंगाने उडवला आणि त्याचं संगीत वाजवायला बंदी घातली. लोक घरात पडदे ओढून ऐकत राहिले. युद्धानंतर पुतळा परत उभा केला गेला आणि आता उन्हाळ्यात दर रविवारी त्याच्या पायाशी पियानो मांडून मोकळ्यावर मैफल होते. १९२७ पासून त्याच्या नावाने वॉर्सामध्ये पियानोची स्पर्धा भरते. तिच्यात फक्त शोपँच वाजवायचा असतो.

संगीतकारांवरचा त्याचा प्रभाव मोजायला बसलो तर पानं पुरायची नाहीत. स्क्रियाबिनने सुरुवातीला शोपँच्याच साच्यात चोवीस प्रील्यूड लिहिले. रखमानिनोव्हने त्याच्या एका प्रील्यूडवर एक अख्खी मोठी रचना उभारली. दब्युसीने १९१५ मध्ये शोपँच्या रचनांची आवृत्ती संपादित केली आणि त्याच वर्षी स्वतःचे बारा एत्यूद त्याच्या स्मृतीला अर्पण केले. सगळंच थोर होतं असं मात्र नाही. त्याच्या दोन्ही कॉन्चेर्तोंत, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदाच्या रचनांत, वाद्यवृंद निव्वळ भिंतीला टेकून उभा असतो, आणि काही वॉल्ट्झ दिवाणखान्यात चहा पिताना ऐकायच्या योग्यतेचे आहेत. ते लिहून त्याचं घरभाडं निघालं, एवढंच.

आता आणखी एक गोष्ट ऐका. एफ मेजरमधली मझुर्का, ओपस ६८, क्रमांक ३. शोपँच्या मृत्यूनंतर छापली गेली, पण लिहिलेली पोलंड सोडण्याआधीची आहे. शाळकरी वयात तो दोन उन्हाळे शाफार्निया नावाच्या खेड्यात राहिला होता. गावचे वाजंत्री त्याने तिथे ऐकले. मझुर्का सुरू होते ती ऐटीत, कॉर्डांच्या नेहमीच्या चालीने. मग मध्येच सगळं थांबतं. डावा हात दोनच सूर धरून बसतो, षड्ज आणि पंचम. वर एक बासरीसारखी चिमुकली धून नाचते, तिच्यात तीव्र मध्यम लागतो. तंबोऱ्यावर गाणाऱ्या कुणाच्याही ओळखीचा. दहा-पंधरा सेकंदांचा प्रकार आहे, नीट कान दिला नाही तर निसटतो. तेवढ्यापुरती जमीन जागची हलत नाही.